नववा डबा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी लंडनला मुलीकडे होतो. त्या महिन्यातील शेवटच्या रविवारी आणि सोमवारी तेथील नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजहून येऊन स्थायिक झालेल्या लोकांचा कार्निव्हल भरतो. बडोद्याच्या गणेश विसर्जनाच्या मिरवणुका जन्मभर पाहिलेल्या माणसाला गर्दीचे काय अप्रूप? पण मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ताशा ऐकत वाढलात, तुम्हाला आवडेल. चला." गेलो. ऊन लंडनच्या मानाने कडक होते. रस्तोरस्ती कपाटाएवढे ध्वनिक्षेपक रचले होते आणि त्यांच्या धडधडीने छातीचा पिंजरा हादरत होता. तासाभरात मी कंटाळलो. आता परत फिरू या, असे म्हणणार तोच एका आडव्या गल्लीतून निराळाच नाद आला.

प्रथम जलतरंगाची आठवण झाली. पण जलतरंगाचा स्वर उमटतो आणि विरून जातो. हा स्वर उमटून क्षणभर थांबत होता, शेजारच्या स्वराला हात देऊन मगच जात होता. पन्नास-साठ वादकांचा ताफा चाके लावलेल्या लोखंडी मांडवाखाली उभा होता आणि माणसे तो मांडव हळूहळू पुढे ढकलत होती. प्रत्येकापुढे चकचकीत, खोलगट भांडी टांगलेली, हातांत टोकाला रबर गुंडाळलेल्या आखूड काठ्या. कडेला उभ्या असलेल्या एका पिकल्या दाढीच्या गृहस्थांना मी विचारले, हे कसले वाद्य? ते हसले, पुढे होऊन त्यांनी एका भांड्याच्या कडेवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाले, "ऑइल ड्रम."

सरकारी नोकरीतील काही वर्षे मी पुरवठा खात्यात काढली आहेत. रॉकेलचे बॅरल म्हणजे माझ्या लेखी दोनशे लिटरचा साठा. ते आडवे ठेवले आहे की उभे, पोचा पडला असेल तर मापात किती घट येईल, रिकामे परत आले की परस्पर विकले गेले, एवढ्यातच माझी बॅरलविषयीची जिज्ञासा संपत असे. डिपरॉड घालून अशी हजारो बॅरल मी मोजली असतील. त्यांपैकी एकाच्याही पोटात सूर असेल अशी शंका मला कधी आली नाही.

परत आल्यावर काही महिन्यांत टाळेबंदी आली आणि वाचायला वेळच वेळ मिळाला. त्रिनिदाद या बेटाविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. या वाद्याला जग स्टीलपॅन म्हणते, त्रिनिदादचे लोक नुसते 'पॅन' म्हणतात. ते घडवणाऱ्यांत अनेकांची नावे येतात. त्यांतील एली मॅनेट या माणसाने मला पकडून ठेवले. का, ते पुढे कळेल.

आमच्या पिढीला पोर्ट ऑफ स्पेन हे गाव परके नाही. १९७१ साली मी बारा वर्षांचा होतो. अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच कसोटीत हरवले ते याच गावी, क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर. मूळच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे शतक, पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांची दोन अर्धशतके, हे सारे आमच्या दांडिया बाजारातील वाड्यात तोंडपाठ होते. पुढे गावसकरांवर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने कॅलिप्सो गीत रचले, हेही आम्ही कौतुकाने सांगत असू. त्याच मैदानासमोर रस्त्यापलीकडे, एका नीरफणसाच्या झाडाखाली, मॅनेटचे वादकमंडळ जमत असे. त्याचे पहिले नावच मुळी ओव्हल बॉइज. क्रिकेटच्या चौकशीत आम्ही ते मैदान वर्षानुवर्षे पाहत होतो. रस्ता ओलांडून पलीकडे पाहण्याचे आम्हाला सुचले नाही.

मॅनेटचा जन्म ५ नोव्हेंबर १९२७ चा, त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्यावरील सां सूसी या खेड्यातला. लहानपणीच कुटुंब राजधानीतील वुडब्रुक भागात आले. वस्ती मध्यमवर्गीय, अब्रूदार. मुलाने यंत्रकामाचे शिक्षण घेतले, म्हणजे लोखंड त्याच्या हातातले झाले. संध्याकाळी मात्र तो रस्त्यावर असे. आणि तेथे रस्त्यावर काय चालले होते हे समजण्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागते.

गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांच्या कार्निव्हलमध्ये ढोल वाजत, मशाली पेटत, काठ्यांचे द्वंद्व चाले. १८८१ साली पोलिसांनी तो प्रकार बंद करण्याचा प्रयत्न केला आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर मोठी दंगल झाली. त्यानंतर वटहुकूम निघाले, ढोलांवर बंधने आली. १८८४ साली सान फर्नांडो येथे मोहरमच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक माणसे मेली. ही माणसे आपली होती. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार हिंदी मजूर करारावर तेथील उसाच्या मळ्यांत नेले गेले, बहुतेक बिहार आणि अवध प्रांतांतून, कलकत्त्याच्या बंदरातून. मोहरमला ते तेथे 'होसे' म्हणतात, आणि त्यात वाजणाऱ्या वाद्याला 'तासा'. आपलाच ताशा. आज तेथे तो हिंदूंच्या लग्नातही वाजतो.

ढोल गेला तेव्हा लोकांनी बांबू उचलला. निरनिराळ्या लांबीचे बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून, एकमेकांवर ठोकून ताल धरायचा. जाड बांबूचा खर्ज, बारीक बांबूची तिय्या. याला 'तांबू बांबू' म्हणत. बांबू फुटे, चिंबे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुलांनी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे, मोटारीचे चाक असे जे हाती लागेल ते वाजवायला सुरुवात केली. ठोकून ठोकून डब्याला पोचा पडला की त्याचा आवाज बदलतो, हे कोणाच्या तरी लक्षात आले. कोणाच्या, हा प्रश्न तेथे आजही भांडणाचा आहे. लावांतीलच्या डोंगरावरील जॉन जॉन वस्तीतील विन्स्टन 'स्प्री' सायमन याचे नाव पुष्कळ घेतात. १९४६ च्या कार्निव्हलमध्ये गव्हर्नरसाहेबांच्या देखत त्याने डब्यावर इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजवल्याची कथा मुलांना सांगितली जाते. नेव्हिल ज्यूल्सच्या बाजूचे लोक त्याचे नाव पुढे करतात. महसुलात आयुष्य गेलेल्या माणसाला अशा दाव्यांची सवय असते. शोधाचा सातबारा निघत नाही आणि फेरफार नोंदही होत नाही. दहा गल्ल्यांत दहा मुले एकाच वेळी डबे ठोकत असणार, एवढेच मी माझ्यापुरते मानतो.

हे वटहुकूम वाचताना मात्र मी वाचक राहिलो नव्हतो. ती भाषा मला ठाऊक होती. ती मी स्वतः लिहिलेली आहे.

१९९४ साली मी एका तालुक्याचा मामलतदार होतो. मामलतदार हा तालुक्याचा कार्यकारी दंडाधिकारीही असतो. गावात दोन फळियांमध्ये, म्हणजे दोन आळ्यांमध्ये, जुने वैर होते आणि दरवर्षी एका मिरवणुकीच्या वेळी ते वर येई. आदल्या वर्षी डोकी फुटली होती. प्रांतसाहेबांशी बोलून मी १४४ कलमाखाली मनाई हुकूम काढला: मिरवणुकीच्या मार्गावर कोणीही कोणतेही वाद्य वाजवू नये. तो हुकूम चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. आदल्या वर्षी ज्याचा डोळा गेला त्या माणसाला मी इस्पितळात भेटलो होतो.

मिरवणूक आली ती शांतपणे. ढोल नाही, ताशा नाही, बँड नाही. आणि मशिदीच्या चौकापासून थोड्या अंतरावर दहा-पंधरा मुलांनी एकदम सिंगतेलाचे रिकामे डबे बडवायला सुरुवात केली. गुजरातेत पंधरा किलोचा हा चौकोनी पत्र्याचा डबा घरोघरी असतो. मी जीपमधून उतरलो. त्यांचा म्होरक्या असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, हुकमात वाद्य लिहिलं आहे. हा तर डबा आहे."

भोवतालचे लोक हसले. दोन्ही फळियांचे. त्या हसण्याचा अर्थ आज मला कळतो: ज्यांची डोकी फोडाफोडी होण्याची भीती होती ते एकाच गोष्टीला एकत्र हसले होते. त्या वेळी मला एवढेच कळले की सरकारी हुकमाला लोक हसले, आणि तो हुकूम माझा होता. ज्यातून मुद्दाम ताल काढला जातो ती वस्तू वाद्यच होय, असा निर्णय मी चौकात उभ्या उभ्या दिला आणि फौजदारांना डबे जप्त करण्यास सांगितले. नऊ डबे हाती लागले. बाकीची मुले पळाली.

मॅनेटच्या शहरात याहून पुष्कळ गंभीर प्रकार होत होते, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात तेथील सरकारने कार्निव्हल बंद ठेवला होता. १९४५ च्या मे महिन्यात युरोपातील युद्ध संपल्याची बातमी आली आणि मुले डबे घेऊन रस्त्यावर लोटली. युद्धाबरोबर अमेरिकी सैन्याचे तळ आले होते, अमेरिकी सिनेमे आले होते, आणि बेटावर तेल तर होतेच. रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. वादकमंडळांनी आपली नावे सिनेमांवरून घेतली: टोकियो, कासाब्लांका, डेस्परॅडोज. ओव्हल बॉइजचे झाले इन्व्हेडर्स, म्हणजे आक्रमक. नावे शोभेची नव्हती. दोन मंडळे रस्त्यात समोरासमोर आली की वस्तरे, कोयते, बाटल्या निघत. १९५० च्या कार्निव्हलमधील इन्व्हेडर्स आणि टोकियो यांची मारामारी आजही बखरीसारखी सांगतात. अब्रूदार घरांत पॅनचे नाव काढण्याची सोय नव्हती. आमच्याकडे काय वेगळे होते? ज्या बडोद्यात महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, त्या बडोद्यात पेटी शिकणारा मुलगा गुणी होता आणि ताशा वाजवणारा वाया गेलेला.

या भांडखोर टोळक्यांचा मॅनेट एक नायक होता. पण त्याचे खरे काम दिवसा चाले, झाडाखाली, हातोडी घेऊन. आरंभीचे डबे वरून फुगीर असत, पालथ्या परातीसारखे. फुगवट्यावर तीन-चार स्वरांहून अधिक जागा मिळत नसे आणि एक स्वर दुसऱ्यात सांडत असे. मॅनेटने तळ आत खोल ठोकला, कढईसारखा. खोलगट पृष्ठभागावर पत्रा ताणला जातो, स्वरांना जागा होते आणि त्यांच्यामध्ये सीमा आखता येतात. १९४६ च्या सुमारास त्याने पंचावन्न गॅलनचे तेलाचे मोठे पिंप हाती घेतले. उघड्या काठीचा खणखणाट जावा म्हणून टोकाला रबर गुंडाळले. या तिन्ही गोष्टींचे श्रेय सर्वसाधारणपणे त्याला दिले जाते. प्रतिस्पर्धी नाके मुरडतात, ते सोडून देऊ.

पॅन घडवण्याची रीत मी चित्रफितींतून पुन्हा पुन्हा पाहिली. पिंपाचा तळ मोठ्या घणाने हळूहळू खाली बसवतात, पत्रा कोठेही फाटू न देता. मग स्वरांच्या जागा आखून त्यांच्या कडेने बोथट छिन्नीने खाचा ठोकतात. मोठे, खर्जातले स्वर काठाशी. तार सप्तकातले लहान स्वर मध्यभागी. पिंप कापतात: वरच्या स्वरांच्या पॅनला बाजूचा पत्रा वीतभरही पुरतो, खर्जासाठी पिंप जवळजवळ अख्खेच ठेवतात आणि अशी सहा, नऊ, बारा पिंपे एकटा वादक सांभाळतो. नंतर पत्रा विस्तवावर तापवून निववतात. आणि मग खरे काम सुरू होते, ते कानाचे. एका स्वराची टिकली खालून वर उचलायची, वरून खाली दाबायची, केसाएवढी. एक स्वर जुळला की शेजारचा बिघडतो, तो जुळवला की पहिला हलतो. तंबोरा जुळवताना चार तारांशी झगडणाऱ्यांनी कल्पना करावी की येथे पंचवीस-तीस तारा आहेत आणि त्या सर्व एकाच पत्र्याच्या आहेत. शिवाय चांगला कारागीर एका टिकलीत मूळ स्वराबरोबर त्याचा वरचा षड्जही बसवतो; तो बसला की पत्र्याचा आवाज जाऊन स्वराचा आवाज येतो. मॅनेटची ख्याती याचीच. टोनी विल्यम्स या दुसऱ्या कारागिराने स्वरांचा क्रम असा लावला की प्रत्येक स्वराशेजारी त्याचा पंचम आणि मध्यम यावा. षड्ज-पंचम भावाच्या गोष्टी आपल्याकडे ग्रंथांत आहेत; त्याने त्या पिंपाच्या तळावर आखल्या, आणि आखणी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते म्हणून त्याच्या पॅनला नावही तेच पडले.

मॅनेटचे एक आवडते पॅन होते, त्याचे नाव बाराकुडा. तो एक दातेरी मासा आहे. टोकियोच्या पोरांनी ते पळवले आणि आपल्या डोंगरावर एका झाडाला टांगून ठेवले: हिंमत असेल तर घेऊन जा. ही गोष्ट तेथे गमतीने सांगितली जाते. शत्रूचे निशाण पळवावे तसे पॅन पळवले, कारण त्याच्यासारखे दुसरे नव्हते, आणि ते पळवणाऱ्यांनाच सर्वांत चांगले कळत होते. ही कथा वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. पण आधी मॅनेटचे पुरते सांगतो.

सरकारच्या ध्यानात हळूहळू आले की नुसत्या बंदीने हे मिटणार नाही. १९४९ साली चौकशीसाठी समिती नेमली गेली, नंतर मंडळांचा संघ स्थापन झाला. १९५१ साली इंग्लंडमध्ये राष्ट्रीय महोत्सव होता. त्यासाठी परस्परांच्या जिवावर उठलेल्या मंडळांतून अकरा जण निवडले: मॅनेट, स्प्री सायमन, टोनी विल्यम्स, स्टर्लिंग बेटनकोर्ट आणि इतर. त्यांना शिकवायला आले लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ, पोलीस बँडमधले बार्बेडोसचे गृहस्थ. त्यांनी हट्ट धरला की प्रत्येक पॅनवर बाराही स्वर हवेत, कोमल-तीव्रासकट. खर्जाचे स्वर एका पिंपात मावत नसतील तर दोन घ्या, तीन घ्या. या हट्टाने पॅन रस्त्यावरून सभागृहात गेले. ज्या पोलीस खात्याने या मुलांना पकडले त्याच खात्याच्या बँडचा माणूस त्यांचा गुरू झाला, याचे मला, का कोण जाणे, फार बरे वाटले.

जुलैमध्ये ते बोटीने निघाले. एक जण आजारी पडून वाटेतच उतरला. २६ जुलै १९५१ रोजी लंडनमध्ये टेम्सच्या दक्षिण काठावर उघड्यावर पहिला कार्यक्रम झाला. पॅनना तेव्हा आजची झळाळी नव्हती; गंजकी, काळवंडलेली पिंपे पाहून लोकांना हसू आले आणि वादन सुरू झाल्यावर ते थांबले. बेटनकोर्ट परतला नाही, लंडनमध्येच राहिला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याने आणि रसेल हेंडरसन याने गळ्यात पॅन अडकवून नॉटिंग हिलच्या गल्ल्यांतून जी फेरी काढली, तिची पुढे मिरवणूक झाली. २०१९ साली मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ऐकले ते या धाग्याचे शेवटचे टोक होते.

मॅनेटला इंग्लंडमध्ये संगीत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली गेली. त्याने ती नाकारली आणि घरी जाऊन पुन्हा हातोडी उचलली. आमच्या नोकरीत अशा संधी नाकारणाऱ्याला आम्ही वेडा ठरवले असते. मला वाटते त्याला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती: जे त्याला शिकायचे होते ते शिकवणारी शाळा लंडनमध्ये नव्हती. ती नीरफणसाच्या झाडाखाली होती आणि तिचा विद्यार्थी व मास्तर दोन्ही तोच होता.

मात्र तो कायमचा तेथे राहिला नाही. १९६७ साली मरे नॅरेल या समाजसेवकाच्या निमंत्रणावरून तो न्यूयॉर्कला गेला, गरीब वस्त्यांतील मुलांची पॅनमंडळे उभी करायला. अमेरिकेतच त्याने आयुष्य काढले, गावोगावच्या शाळा-कॉलेजांसाठी पॅन घडवले. १९९० च्या दशकारंभी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने त्याला बोलावले आणि हातोडीची विद्या तेथे रीतसर शिकवली जाऊ लागली. १९९९ साली अमेरिकेने त्याला लोककलांचा राष्ट्रीय सन्मान दिला, २००० साली वेस्ट इंडीज विद्यापीठाने मानद डॉक्टरेट. २९ ऑगस्ट २०१८ रोजी, नव्वदी ओलांडून, तो वारला. म्हणजे मी त्याचे वाद्य प्रथम ऐकले त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी.

मागे राहिलेल्या बेटावर पॅन वाढत गेले. हिंदी मजुरांचा वंशज असलेल्या जित समारूने रेनेगेड्स या मंडळासाठी संगीतरचना केल्या आणि कार्निव्हलमधील 'पॅनोरामा' स्पर्धा त्या मंडळाने त्याच्या हाताखाली नऊ वेळा जिंकली. कानांत ताशा घेऊन वाढलेला माणूस पॅनकडे आला तर काय होते, हे ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी त्याच्या रचना अवश्य ऐकाव्यात. १९९२ साली पॅन राष्ट्रीय वाद्य ठरले. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून घोषित केला. आणि २०२५ च्या जानेवारीत तेथील संसदेने कायदा करून राजमुद्रेत बदल केला: कोलंबसाची तीन जहाजे काढली, त्यांच्या जागी पॅन बसवले. म्हणजे यापुढे त्या देशातला एखादा अधिकारी मिरवणुकीवर बंदी घालील, तर त्या हुकमाच्या कागदावर वरती पॅनचेच चित्र असेल. हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. पत्नी आतून विचारत आली, काय झाले म्हणून. तिला सांगता आले नाही.

तिला न सांगितलेली गोष्ट अशी. जप्तीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगा कचेरीत आला. तेरा-चौदा वर्षांचा, पायांत काही नाही. शिपाई त्याला आत सोडीना, तेव्हा तो व्हरांड्यात बसून राहिला. चार वाजता मी बाहेर पडलो तसा उठला. म्हणाला, "साहेब, माझा डबा तेवढा द्या." मी म्हटले, डबे मुद्देमालात गेले, आता कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटणार नाहीत. ते खरेच होते. पण त्याचा चेहरा पाहून मी खिशातून दहाची नोट काढली आणि वाण्याकडून दुसरा घे म्हणालो. त्या वेळी रिकामा डबा दहा रुपयांना मिळत असे. त्याने नोट घेतली नाही. म्हणाला, "दुसरा नको. त्यात आवाज आहेत." आणि डबा समोर असावा तशी हवेत दोन बोटे टेकवून त्याने दाखवले: येथे एक, येथे दुसरा. मधल्या जागेवर हात फिरवून म्हणाला, तिसरा अजून येत नाही.

मी जीपमध्ये बसलो. बैठक होती.

मुलांना किरकोळ दंड झाला आणि मुद्देमालाची यथाकाळ विल्हेवाट लागली असणार. त्या पंचनाम्याची भाषा मला पाठ आहे, कारण जमादार अडला तेथे शब्द मी सांगितले होते. सिंगतेलाचे पत्र्याचे रिकामे डबे नग नऊ. पैकी आठ सुस्थितीत, प्रत्येकी अंदाजे किंमत रुपये दहा. नववा डबा दोन ठिकाणी पोचे पडलेला, निरुपयोगी, किंमत काही नाही.